कापलेल्या रायफलीची किंमत

एक गणित मांडतो. १९६०च्या आसपास अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावातल्या माणसाने सैन्याने मोडीत काढलेली स्प्रिंगफील्ड रायफल पंधरा-वीस डॉलरांना घेतली. तिचा लांबलचक लष्करी दस्ता काढून टाकला. नळी चार बोटं आखूड केली. दुर्बीण बसवण्यासाठी रिसीव्हरला गिरमिटाने भोकं पाडून आटे काढले. अक्रोडाच्या ठोकळ्यातून नवा दस्ता कोरला आणि जवसाचं तेल महिनाभर चोळून त्याला झिलई आणली. त्यानंतर वीस-पंचवीस हिवाळे त्या रायफलीने घरात हरणाचं मांस आणलं. आज त्या माणसाचा नातू ती विकायला काढतो तेव्हा दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "काही कापलंय का?" आणि मग नातवाला कळतं की आजोबांनी यातलं काहीही केलं नसतं, रायफल ग्रीस फासलेल्या कागदात तशीच गुंडाळून माळ्यावर टाकली असती, तर आज तिचे दुप्पट-तिप्पट पैसे आले असते.

म्हणजे हिशेबाच्या भाषेत, आजोबांच्या मेहनतीची किंमत शून्यही नाही. ती उणे आहे.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दोन वर्षं मी ज्या चमूत होतो तिचं काम जुन्या गाड्यांचा भाव सांगणारा प्रोग्रॅम लिहिणं हे होतं. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, शहर, कितवा मालक, अशी पंचवीसेक खणांची माहिती आत टाकायची आणि बाहेर एक आकडा काढायचा. मालकाने हौसेने घातलेल्या पैशांचं काय होतं हे त्या कामात चांगलं कळतं. भारी टायर, चामड्याच्या सीटा, महागडी म्युझिक सिस्टीम यांच्यातून परत येणारी रक्कम थोडी असते, पण बहुतेक वेळा ती शून्याच्या वर असते. "बदल केले म्हणून भाव अर्ध्यावर आला" हा प्रकार तिथे क्वचित. तो जिथे नेहमीचा आहे असा एखादा बाजार शोधताना मी शिकारी रायफलींपर्यंत पोचलो. मी कधी शिकार केलेली नाही, करणारही नाही. पण या बाजारात एका शतकाचा इतिहास किमतीच्या रूपाने लिहून ठेवलेला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे.

राष्ट्राध्यक्षांची हौस

सुरुवात १८९८पासून करावी लागते. त्या वर्षी क्यूबात स्पेनशी लढताना अमेरिकन सैनिकांना स्पॅनिश सैन्याच्या ७ मिलिमीटर माउझर रायफलींचा मारा सोसावा लागला. त्या लढाईत थिओडोर रूझवेल्टही होता. अमेरिकेकडची क्राग रायफल माउझरपुढे कमी पडते हे सरकारच्या ध्यानात आलं आणि १९०३ साली स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याची नवी रायफल सैन्यात दाखल झाली. तिची रचना माउझरशी इतकी मिळतीजुळती होती की पेटंटच्या वापरापोटी अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले. १९०६मध्ये तिच्यासाठी नवं काडतूस आलं, थर्टी-ऑट-सिक्स. ते आजही अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या सर्वांत परिचयाच्या काडतुसांपैकी एक आहे.

रूझवेल्ट तोवर राष्ट्राध्यक्ष झाला होता. त्याने १९०३ सालीच स्प्रिंगफील्डच्या कारखान्याकडून या लष्करी रायफलीची एक शिकारी आवृत्ती स्वतःसाठी बनवून घेतली. दस्त्याचा आकार त्याच्या खांद्याला मानवेल असा, लाकूड कमी, संगिनीची सोय नाही. १९०९मध्ये आफ्रिकेच्या मोहिमेवर ती त्याच्याबरोबर होती. लष्करी रायफलीला शिकारी रूप देण्याच्या या कामाला पुढे 'स्पोर्टराइझ करणं' हे नाव पडलं.

लष्करी रायफल शिकाऱ्याला तशीच का चालत नाही, हे समजून घ्यायला हवं. सैनिकाची रायफल हजारो वेगवेगळ्या खांद्यांसाठी एकाच मापात केलेली असते. दमट खंदकात नळी तापली तरी हाताला चटका बसू नये, संगीन लावून भाल्यासारखी वापरता यावी, म्हणून तिला पुढच्या टोकापर्यंत लाकूड असतं. चाप मुद्दाम जड ठेवलेला असतो. शिकारी दिवसभर डोंगर चढतो आणि त्यात एखादीच गोळी झाडतो. त्याला वजन कमी हवं, चाप हलका हवा आणि गाल दस्त्याला टेकताच डोळा आपोआप नेमावर यायला हवा. शिंप्याने तयार शर्ट उसवून मापाला बसवावा, तसं हे काम आहे.

१९१०च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये लुडविग वुंडहॅमर या कारागिराने स्प्रिंगफील्डवर केलेल्या शिकारी रायफलींची चर्चा झाली. न्यूयॉर्कमध्ये सीमोर ग्रिफिन हा फर्निचर करणारा सुतार होता. रूझवेल्टचं आफ्रिकेच्या मोहिमेवरचं पुस्तक वाचून त्याला या नादाने घेरलं. टाउनसेंड व्हेलेन या लष्करी अधिकाऱ्याने आणि लेखकाने त्याची गाठ जेम्स हाउ याच्याशी घालून दिली. हाउ फ्रँकफर्डच्या सरकारी शस्त्रशाळेत यंत्रशाळेचा फोरमन होता. एकाचा हात लाकडावर, दुसऱ्याचा लोखंडावर. १९२३मध्ये 'ग्रिफिन अँड हाउ' सुरू झाली. हाउ लवकरच बाहेर पडला, पण नाव टिकलं. १९३०मध्ये हेमिंग्वेने त्यांच्याकडून एक स्प्रिंगफील्ड घेतली आणि तीही पुढे आफ्रिकेला गेली.

या पिढीच्या रायफली आजही चढ्या भावाने जातात. त्याही कापलेल्याच आहेत. तरीही त्यांना 'बिघडवलेली' कोणी म्हणत नाही.

महापूर

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. स्प्रिंगफील्डची युद्धकाळातली सोपी, स्वस्त आवृत्ती रेमिंग्टनने आणि टाइपरायटर बनवणाऱ्या स्मिथ-कोरोनानेही लाखोंनी बनवली होती. त्या सगळ्या आता अडगळ झाल्या. नागरिकांना नेमबाजीची सवय राहावी या हेतूने सरकारची एक योजना आधीपासून होती. तिच्यातून नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना या रायफली अगदी नाममात्र भावात मिळू लागल्या. युरोपातून आणखी मोठा लोंढा आला. सॅम्युएल कमिंग्स नावाच्या माणसाने १९५३मध्ये 'इंटरआर्मको' ही कंपनी काढली. देशोदेशींच्या सैन्यांनी टाकून दिलेली शस्त्रं विकत घेऊन व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात, पोटोमॅक नदीकाठच्या गोदामांत तो रचू लागला. जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एनफील्ड, इटालियन कारकानो. मासिकातलं कूपन फाडून पैसे पाठवले की पोस्टाने रायफल घरी.

त्या काळात कारखान्यातून आलेली नवी कोरी शिकारी रायफल शंभर डॉलरांच्या वर जायची. युद्धावरून परतलेल्या, कारखान्यात पाळी करणाऱ्या, घरात तीन पोरं असलेल्या माणसाला ते परवडणारं नव्हतं. पंधरा-वीस डॉलरांची लष्करी रायफल, एक कानस, एक करवत आणि मासिकातली 'घरच्या घरी करा' छापाची लेखमाला एवढ्यावर भागत होतं. रूझवेल्टने सरकारी कारखान्याला सांगून जे करून घेतलं, तेच हा माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलावर करत होता.

तो दुर्मीळ काही नासवतोय असं कोणाच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं. लाखांनी पडलेल्या वस्तूला दुर्मीळ कोण म्हणेल? ती दुर्मीळ झाली ती नेमकी या माणसांनी कापल्यामुळे. प्रत्येक कापलेल्या रायफलीमागे न कापलेल्यांची संख्या एकाने कमी झाली आणि त्यांचा भाव कणभर वर सरकला. आज संग्राहकाला मिळणाऱ्या नफ्याचा एक भाग अशा हजारो अनोळखी आजोबांनी आपापल्या करवतीने मिळवून दिलेला आहे.

लोंढा थांबला त्यालाही एक तारीख आहे. फेब्रुवारी १९६३च्या 'अमेरिकन रायफलमन' मासिकात शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाची जाहिरात होती. इटालियन कारकानो, नुसती १२ डॉलर ७८ सेंट, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. ते कूपन भरून ली हार्वे ऑस्वाल्डने खोट्या नावाने रायफल मागवली. नोव्हेंबरमध्ये डॅलसला राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. पाच वर्षांनी, १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर बंदूक नियंत्रण कायदा आला. पोस्टाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक मागवणं बंद झालं आणि परदेशी सैन्यांच्या जुन्या शस्त्रांची आयातही. पुरवठ्याचा नळ बंद झाला आणि बाजारात जे होतं, त्याच्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

काय काय पाहतात

त्याच सुमाराला विंचेस्टर कंपनीने नकळत या बाजाराला एक नवी सवय लावली. तिची 'मॉडेल ७०' ही १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन शिकाऱ्यांची लाडकी रायफल होती. १९६४मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने रचना बदलली. काडतूस नळीत ढकलण्याची पद्धत बदलली आणि दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी जाऊन तिथे दाबून उमटवलेली आली. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. तेव्हापासून 'चौसष्टच्या आधीची' हा शब्दप्रयोग रूढ झाला. वस्तू कोणत्या साली, कोणत्या क्रमांकात जन्मली यावर भाव ठरतो आणि ती जन्मली तशीच राहिली असेल तर जास्त ठरतो, हे साध्या शिकाऱ्यालाही त्यामुळे पाठ झालं. १९८०च्या दशकापासून दर वर्षी निघणाऱ्या 'ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज'सारख्या भावपुस्तकांनी त्याला टक्केवारीचं रूप दिलं. मूळ झिलई किती टक्के शिल्लक आहे, त्यावर रक्कम.

बदललेली रायफल हातात घेतल्यावर जाणकार माणूस साधारण या क्रमाने जातो.

आधी क्रमांक. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातली आठ लाखांच्या खालची आणि रॉक आयलंडच्या कारखान्यातली २,८५,५०७च्या खालची रायफल असेल तर पुढचं सगळं गौण होतं. त्या काळी पोलादाला पाणी देताना कामगार भट्टीतल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पाहून तापमान ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच लाल रंग फिका दिसे, म्हणून लोखंड जास्त तापवलं जाई आणि ठिसूळ होई. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रिसीव्हर हातातच फुटले, चौकशी झाली आणि १९१८मध्ये प्रक्रिया बदलली. मेजर जनरल ज्युलियन हॅचरने आपल्या पुस्तकात याची सविस्तर नोंद केली आहे. अशा रिसीव्हरवर कोणी कितीही सुंदर दस्ता चढवलेला असो, ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे. कोणत्या दिवशी आभाळ होतं आणि कोणत्या दिवशी ऊन, ते आज कोणत्याही यंत्राने सांगता येत नाही.

मग भोकं. दस्ता बदलता येतो, मूळ दस्ता शोधून परत चढवता येतो. असे जुने सुटे भाग जमवून रायफली पुन्हा लष्करी करण्याचा एक छोटा धंदाच आहे. पण रिसीव्हरला पाडलेलं भोक बुजत नाही, आणि बुजवलं तरी लपत नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक बदलाची आधीची प्रत जपून ठेवलेली असते, वाटलं तर चार वर्षं मागे जाता येतं. लोखंडाला ती सोय नाही. मूल्यमापन करणाऱ्याचा खरा प्रश्न 'काय बदललं' हा असतोच, पण त्याहून मोठा प्रश्न 'काय परत फिरवता येणार नाही' हा असतो.

मग काडतूस. १९४०-५०च्या दशकांत पार्कर ऍक्लीसारख्या कारागिरांनी नळीचा कोठा थोडा वाढवून घरगुती काडतुसं बनवण्याची लाट आणली. गोळीचा वेग वाढे. पण अशी काडतुसं बऱ्याचदा दुकानात मिळत नाहीत, स्वतः भरून घ्यावी लागतात. म्हणजे पहिल्या मालकाची हुशारी दुसऱ्या मालकाच्या डोक्याला ताप होते आणि भाव उतरतो. सॉफ्टवेअरमध्ये ज्याने लिहिलं त्यालाच कळणारी करामत वारसाने मिळाली की काय होतं, ते अनेकांना ठाऊक असेल.

आणि शेवटी नाव. विंचेस्टर मॉडेल ७०ला भोक पाडणारा अनामिक असेल तर नुकसान. पण ते काम वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या अल बीसेनचं असेल, तर भाव मूळ रायफलीच्या कितीतरी वर. 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षं लिहिणारा जॅक ओ'कॉनर आपल्या रायफली बीसेनकडून करून घेई. त्याची एक लाडकी .२७० आज आयडाहोतल्या लुइस्टन इथे त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. बीसेनची करवत आणि आजोबांची करवत लाकडाला सारखीच लागत असेल. बीसेनचा हात अर्थातच जास्त सफाईदार, ते मान्य. पण भावातला सगळा फरक सफाईचा नसतो. बराचसा फरक सही ओळखता येते की नाही, याचा असतो.

चांदीची पट्टी

ओळखीचं हे गणित आपल्याकडच्या एका रायफलीत स्वच्छ दिसतं. १९०७मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली आणि तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी बसवली. .२७५ हे ब्रिटिश नाव. काडतूस तेच, ७ मिलिमीटर माउझर, जे क्यूबात रूझवेल्टच्या बाजूने येत होतं. ही रायफल पुढे कॉर्बेटच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती. आता ती रिग्बी कंपनीकडे परत गेली आहे.

दस्त्यात खड्डा करून धातूची पट्टी बसवणं हाही बदलच. त्या पट्टीवर सामान्य माणसाची आद्याक्षरं असती तर दुकानदाराने भाव पाडला असता. अँस्ली फॉक्स या बंदूक बनवणाऱ्याने रूझवेल्टला आफ्रिकेसाठी खास बनवून दिलेली शॉटगन २०१०च्या लिलावात ८,६२,५०० डॉलरला गेली. ही लोखंड-लाकडाची किंमत नव्हे, हे सांगायला नको.

अमेरिकेतल्या न्यायालयासमोर हा प्रश्न उघडपणे आला तो ऑस्वाल्डच्या वस्तूंवरून. १९६५मध्ये खास कायदा करून सरकारने केनेडी खुनाशी संबंधित वस्तू कायमच्या ताब्यात घेतल्या आणि भरपाई द्यायचं ठरवलं. ऑस्वाल्डची विधवा मरीना न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने त्याच्या वापरातल्या चीजवस्तूंचा साधा, वस्तू म्हणून असलेला भाव धरला. १९७३मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की संग्राहक जे देतील तेही बाजारमूल्यच आहे, ते वगळता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर वाटतो. पण त्याचा अर्थ असा होतो की खुनाने त्या चीजवस्तूंचा भाव वाढवला, आणि बाजाराला त्याचं काही वाटत नाही. बाजार गोष्ट विकत घेतो. ती कशाची गोष्ट आहे, हे तो विचारत नाही.

बाजारच नसेल तर

भारतात हाच प्रश्न वेगळ्या टोकाला जातो. .३०३ हे लष्करी काडतूस म्हणून नागरिकांना मना, त्यामुळे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एनफील्डच्याच घडणीवर .३१५ची शिकारी रायफल काढली. अमेरिकेत आजोबांनी टेबलावर केलेलं काम इथे सरकारने केलं. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी हौशी शिकार संपवली. १९८०च्या दशकात नागरिकांसाठी आयातही बंद झाली, म्हणून आधी आलेल्या विलायती बंदुकांचे भाव चढले. पण विकत घेणारा परवानाधारकच हवा. २०१९मध्ये एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतील अशी दुरुस्ती झाली आणि तिसरं शस्त्र जमा करायला वर्षाची मुदत मिळाली. त्या वर्षात अनेक घरांत तिसरी बंदूक कोणती, हे ठरवावं लागलं असणार. तिथे भाव नळीच्या अवस्थेवर ठरत नाही. जिल्ह्यात परवाना किती जणांना मिळतो, त्यावर ठरतो.

हे सगळं वाचल्यावर मूळ गणिताकडे पाहिलं की त्यातली मांडणीच खटकते. 'रायफल माळ्यावर टाकली असती तर' हे वाक्य ती रायफल ठेव होती असं गृहीत धरतं. पंधरा डॉलर देणाऱ्याने ठेव घेतली नव्हती. त्याने औजार घेतलं होतं आणि वीस-पंचवीस हिवाळे त्याचं मोल वसूल केलं. ते मांस खाऊन वाढलेली पोरं भावपुस्तकाच्या कोणत्याही रकान्यात येत नाहीत. युद्धासाठी बनलेली वस्तू त्याने स्वतःच्या हाताने युद्धाच्या कामातून बाहेर काढली, संगिनीची जागा कापून टाकली. आज तीच जागा परत जोडली तर जास्त पैसे मिळतात.

माझ्या जुन्या कामातल्या प्रोग्रॅमला ही रायफल दिली असती तर त्याने तिला कमी आकडा दिला असता, आणि तो आकडा बरोबर असता. उद्या ती जितक्याला जाईल, तितकाच. नातवाला पैशांची गरज असेल तर त्याने ती त्या आकड्याला खुशाल विकावी, पण ती वापरणाऱ्याला विकावी. संग्राहकाच्या लेखी ती बिघडलेली आहे. ऑक्टोबरात डोंगर चढणाऱ्या एखाद्या नव्या, हात आखडता असलेल्या शिकाऱ्याला मात्र त्या आखूड नळीचा आणि हलक्या चापाचा अर्थ कळेल. पंधरा-वीस डॉलरांना ती घेणारा माणूसही तसाच होता.